तुसाच्या राखेचं काँक्रीट: पहिला लॉट झकास, दुसऱ्यापासून बोंब

भाताच्या तुसाची राख काँक्रीटमध्ये वापरणाऱ्यांची तक्रार जवळपास दर वेळी सारखीच असते. सिमेंटच्या जागी १० टक्के राख घालून लॅबमध्ये ट्रायल घेतली, क्यूबचे (फोडून ताकद मोजायच्या ठोकळ्यांचे) रिझल्ट झकास आले, सल्लागारांनी मान डोलावली. प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि काही दिवसांत माल घट्ट यायला लागला. कधी २८ दिवसांची स्ट्रेंथ कमी भरली, कधी स्लॅबच्या तोंडावर काळपट साय आली. मिक्स डिझाइन तेच, सिमेंटचा ब्रँड तोच, खडी आणि क्रश सँड त्याच क्रशरची. मग कुणी ॲडमिक्स्चर (माल वाहता ठेवणारं रसायन) वाढवतं, कुणी पाणी, कुणी सिमेंट. थोडे दिवस बरे जातात आणि पुढचा लॉट उतरला की पुन्हा तेच. शेवटी साइटवर ठरतं की राखेचा नादच नको.

हे बघून मला वाईट वाटतं, कारण मुंबईला या राखेचा खरा उपयोग आहे. वर्सोवा, वरळी, कुलाबा, कुठेही जा, वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींचे कॉलम फुगलेले आणि बाल्कनीच्या खालून सळया डोकावताना दिसतात. खाऱ्या हवेतलं क्लोराइड कव्हरमधून, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरातून, आत शिरतं आणि सळईला गंज धरतो. नीट जाळलेली आणि नीट दळलेली तुसाची राख काँक्रीटमधली छिद्रं इतकी बारीक करते की क्लोराइडची वाट लांबते. एक टन भातातून साधारण २०० किलो तूस निघतो, तो जाळला की ४० किलोच्या आसपास राख उरते आणि चांगल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. भात पिकवणाऱ्या राज्यात राहून हा माल उकिरड्यावर जाऊ देणं मला पटत नाही.

मी मुंबईत काँक्रीटच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. माझा अनुभव असा की या तक्रारींच्या मुळाशी मिक्स डिझाइन क्वचितच असतं. आपण 'राख' हा एकच पदार्थ धरून चालतो, आणि गाडीतून दर वेळी वेगळाच पदार्थ उतरतो. तेव्हा मिक्समध्ये हात घालण्याआधी राख ओळखा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकातलं ५.२.१.३ हे छोटं कलम नेमकं हेच सांगतं. संबंधित अधिकाऱ्याच्या मंजुरीने राख वापरता येते, पण प्रत्येक ठिकाणच्या राखेची कामगिरी आणि एकसारखेपणा तपासला पाहिजे, कारण एखादी राख काँक्रीटला गाळाइतकी मारक ठरू शकते. पाण्याची मागणी आणि सुकताना होणारं आकुंचनही आधी बघायला सांगितलंय. बरेच जण या कलमातला 'वापरता येते' एवढाच भाग वाचतात.

आधी लक्षण नीट बघा

'राखेमुळे काँक्रीट बिघडलं' या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार लपलेले असतात. त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे करा. गाडी प्लँटवरून निघताना स्लंप (माल किती वाहता आहे याचं माप) घ्या, साइटवर पोचल्यावर पुन्हा घ्या, आणि साइटवर वरून पाणी किंवा काहीही पडायच्या आत क्यूब भरा. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. पाणी मारल्यानंतर भरलेले क्यूब राखेबद्दल काहीच सांगत नाहीत, ते फक्त पाण्याबद्दल सांगतात.

स्लंप झपाट्याने पडतोय, पण पाणी न घातलेल्या मालाचे क्यूब मात्र चांगले येतात, तर राख जिवंत, म्हणजे सिमेंटच्या चुन्याशी प्रतिक्रिया देणारी आहे, पण तिच्यात न जळलेला कार्बन जास्त आहे किंवा ती जाडसर दळलेली आहे. उलट स्लंप उत्तम, माल लोण्यासारखा वाहतोय आणि स्ट्रेंथ मात्र येत नाही, तर राख मेलेली, म्हणजे प्रतिक्रियाच न देणारी, असण्याची शक्यता जास्त. प्रमाणाबाहेर तापलेल्या राखेची छिद्रं वितळून बुजतात, ती पाणी कमी ओढते, त्यामुळे साइटवर कुणालाच शंका येत नाही. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो २८ दिवसांनंतर कळतो आणि तोवर वर दोन स्लॅब चढलेले असतात. तिसरा प्रकार म्हणजे कधी स्लंप अचानक जास्त, कधी कमी, कशाचा कशाला पत्ता नाही. तिथे राखेतली ओल किंवा मापातला घोळ शोधा.

माल घट्ट होतो, पाणी मागतो

तुसाच्या राखेचा कण भिंगाखाली पाहिला तर तो भरीव दिसत नाही, आतून सगळा पोकळ पोकळ असतो. चहात खारी बुडवली की ती जशी चहा ओढून घेते तसा हा कण मिक्सिंगचं पाणी ओढून घेतो. त्यात कार्बन असेल तर पाण्याबरोबर सुपरप्लास्टिसायझर हे ॲडमिक्स्चरही त्याच्यावर चिकटून बसतो आणि सिमेंटपर्यंत पोचतच नाही. मग प्लँटवर १५० मिलिमीटर स्लंप घेऊन निघालेली गाडी जोगेश्वरीच्या ट्रॅफिकमधून साइटवर येईपर्यंत ६० वर येते.

त्यापुढचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पंपवाला पाइप आपटतोय, वर स्लॅबवर गडी थांबलेत आणि मुकादम खालून विचारतो, "मॅडम, माल चढत नाय, एक पाइप पाणी मारू का?" या 'एका पाइपा'चा हिशोब करून बघा. एम३० चं (२८ दिवसांना ३० मेगापास्कल ताकदीचं) मिक्स आहे, घनमीटरला सिमेंट आणि राख मिळून ३६० किलो, पाणी १६२ लिटर, म्हणजे पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.४५. सहा घनमीटरच्या गाडीत १२० लिटर पाणी गेलं की घनमीटरला २० लिटर वाढले. पाणी झालं १८२ आणि गुणोत्तर ०.५० च्या वर. समुद्राच्या हवेतल्या आरसीसीला आयएस ४५६ चा 'सीव्हिअर' वर्ग लागतो आणि त्यात मर्यादा ०.४५ आहे. राख घातली होती क्लोराइड अडवायला, आणि तिच्या नावाने पाणी घालून आपणच क्लोराइडला दार उघडून दिलं. म्हणून घट्ट मालावर पाणी हा उपाय कधीच नाही, कितीही घाई असली तरी.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ॲडमिक्स्चरचा सगळा डोस प्लँटवर ओतू नका. काही भाग मागे ठेवा आणि साइटवर, क्वालिटीच्या माणसासमोर, मोजून घाला. त्यानंतर ड्रम काही मिनिटं पूर्ण वेगात फिरू द्या आणि स्लंप पुन्हा घ्या. किती मागे ठेवायचा हे ट्रायलमध्येच ठरवा. त्यासाठी ट्रायल फक्त शून्य मिनिटाच्या स्लंपवर संपवू नका, ६०, ९० आणि १२० मिनिटांचाही घ्या. आयएस ४९२६ प्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत माल खाली व्हायला हवा, आणि मुंबईत अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळताना ते दोन तास भुर्रकन उडतात. कोणतं ॲडमिक्स्चर या राखेशी जमतं ते मार्श कोनवर कळतं. तेच सिमेंट, तीच राख, वेगवेगळे डोस, आणि पेस्ट कोनमधून उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. एकाच डोसला राखेशिवाय आणि राखेसह मोठा फरक दिसला तर दोष राखेच्या कार्बनचा असण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती दळण्याची. बॉयलरखालून निघालेली राख जशीच्या तशी काँक्रीटमध्ये घालायची नसते. बॉल मिलमध्ये दळली की कणाचा पोकळ सांगाडा मोडतो, पाण्याची मागणी उतरते आणि प्रतिक्रियेला पृष्ठभाग मिळतो. तपासायला ४५ मायक्रॉनची चाळणी घ्या आणि पाण्याच्या धारेखाली ओली चाळणी करा. फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या) आयएस ३८१२ या मानकात या चाळणीवर ३४ टक्क्यांपर्यंत अवशेष चालतो. तुसाच्या राखेला एवढी सवलत देऊ नये असं माझं मत आहे. मी १० टक्क्यांच्या वर गेलेला लॉट परत दळायला पाठवते. पुरवठादार ब्लेनचा आकडा (भुकटीच्या पृष्ठभागावरून काढलेली बारीकी) दाखवून 'बघा किती बारीक आहे' म्हणतील. त्यावर जाऊ नका. कणाच्या आतल्या पोकळ्यांमुळे तो आकडा फुगतो, जाड राखसुद्धा कागदावर बारीक दिसते.

काळी राख, करडी राख, पांढरी राख

कार्बन किती आहे हे डोळ्यांनी थोडंफार कळतं. काळी कुळकुळीत राख म्हणजे हवा कमी मिळाली, तूस पूर्ण जळला नाही. पण रंगावर निकाल देऊ नका, लॉस ऑन इग्निशन काढा. काम सोपं आहे आणि कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं. आधी राख १०५ ते ११० अंशाला वाळवायची. वाळलेली एक ग्रॅम राख वजन केलेल्या क्रुसिबलमध्ये घ्यायची आणि मफल फर्नेसमध्ये ९०० ते १००० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेवायची. आत जाताना काजळीसारखी दिसणारी चिमूट बाहेर येते ती करड्या-पांढऱ्या रंगाची, आणि जेवढं वजन घटलं तेवढा, ढोबळमानाने, कार्बन. फ्लाय ॲशला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या एएसटीएम सी६१८ मध्ये नैसर्गिक पोझोलानाला (चुन्याशी जुळून ताकद देणाऱ्या भुकटीला) १० टक्क्यांपर्यंत चालतं. ५ च्या आत असेल तर निर्धास्त, ५ ते १० मध्ये असेल तर ॲडमिक्स्चरचा खर्च वाढणार हे धरून चाला, त्याच्या वर असेल तर आरसीसीत घालू नका.

क्रुसिबल बाहेर काढल्यावर एकदा बारकाईने बघा. पांढऱ्या भुकटीत काळे ठिपके तसेच टिकलेले दिसले तर ती पोटॅशियमची करामत. तुसात पोटॅशियम असतं, ते तापल्यावर सिलिकेला वितळायला मदत करतं आणि वितळलेल्या काचेच्या आत कार्बन कोंडला जातो. बाहेरून कितीही जाळला तरी तो जात नाही. ही राख परत भट्टीत टाकून सुधारत नाही, तो लॉट सोडून द्यायचा.

स्लॅबवर येणारी काळी साय याच कार्बनची. हलका असल्याने व्हायब्रेटर लावल्यावर तो पाण्याबरोबर वर येतो. पेव्हर ब्लॉकमध्ये तर तो थेट रंगात दिसतो, आणि गिऱ्हाईक माल परत करतं.

आता पांढऱ्या राखेबद्दल. आपल्याकडे समज असा की पांढरी ती उत्तम, कारण कार्बन नाही. इथेच फसगत होते. तुसातली सिलिका मुळात अमॉर्फस, म्हणजे तिच्या रचनेत शिस्त नसते, आणि म्हणूनच ती सिमेंटच्या चुन्याशी पटकन जुळते. ७०० अंशांच्या आत, पुरेशी हवा देऊन जाळलं तर ती तशीच राहते. त्याच्या बरंच वर, जास्त वेळ तापली की तिचे क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइटचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक झालेली सिलिका चुन्याकडे ढुंकूनही बघत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात यावर मूलभूत काम केलं, आणि त्यांचा सगळा भर जाळण्याच्या नियंत्रणावर होता.

हे मुंबईच्या आसपास का महत्त्वाचं? कारण कल्याण, भिवंडी, वाडा, पेण या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांमध्ये तूस जाळला जातो आणि तिथली राख स्वस्तात मिळते. पण वीट भाजायला ९०० ते १००० अंश लागतात. त्या तापमानाला राहिलेली राख दिसायला देखणी, वागायला वाळूच्या भुकटीसारखी. भरावाला वापरा, सिमेंटच्या जागी वापरू नका. बॉयलरची राखही एकसारखी नसते. लोड वाढला की तापमान वाढतं, लोड उतरला की काळी पडते, आणि एकाच आठवड्यात दोन्ही राखा एकाच ढिगात जातात. कोकणातली कापणी दिवाळीच्या आगेमागे होते, गिरण्या त्यानंतर जोरात चालतात. पावसाळ्यात येणारा माल हा जुन्या ढिगातला असतो किंवा भंडारा-गोंदियासारख्या दुसऱ्याच मुलखातला. पुरवठादार एकच असला तरी राख एकच नसते, ती अशी.

राख जिवंत आहे की मेलेली हे कळायला दोन वाटा आहेत. एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या. आलेखात २२ अंशांच्या आसपास रुंद टेकडी दिसली तर अमॉर्फस, तिथेच सुईसारखं उंच टोक दिसलं तर क्रिस्टोबलाइट. ही चाचणी नव्या पुरवठादाराचा माल घेण्याआधी एकदा तरी कराच. दर लॉटला परवडत नसेल तर आयएस १७२७ मधली लाइम रिॲक्टिव्हिटी घ्या. चुना, राख आणि वाळूचे छोटे क्यूब दोन दिवस नेहमीच्या तापमानाला आणि पुढचे आठ दिवस ५० अंशांच्या दमट उबेत ठेवायचे आणि फोडायचे. सिमेंट नाहीच, त्यामुळे जी काही ताकद येते ती राखेची स्वतःची. फ्लाय ॲशसाठी किमान ४.५ मेगापास्कल लागतात. चांगली तुसाची राख याहून बरीच पुढे जायला हवी, आणि जी इथेच अडखळते तिच्यावर पुढे वेळ घालवू नका. अठ्ठावीस दिवस थांबण्यापेक्षा दहा दिवसांत उत्तर मिळतं.

सिमेंट कोणतं आहे?

राखेच्या सगळ्या चाचण्या पास, तरी स्ट्रेंथ कमी, अशा वेळी मी गोणीवरचं छापील नाव वाचायला सांगते. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असतं. लॅबमधली ट्रायल ५३ ग्रेडच्या ओपीसीवर (साध्या पोर्टलँड सिमेंटवर) झालेली असते आणि साइटवर, विशेषतः छोट्या कामांवर आणि कास्टिंग यार्डात, दुकानात मिळतं म्हणून पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) आलेलं असतं. पीपीसीमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश घातलेली असते. समजा ती ३० टक्के आहे. त्यातलं १० टक्के काढून तुसाची राख घातली तर उरतं ६३ टक्के ओपीसी, आणि त्याच्या चुन्यावर डोळा ठेवून बसलेल्या दोन राखा. पोझोलाना स्वतः काही करत नाही. सिमेंटच्या जलक्रियेतून जो चुना सुटतो त्याच्याशी जुळूनच तिची ताकद तयार होते. चुना कमी आणि खाणारे जास्त, मग सुरुवातीची स्ट्रेंथ हमखास पडते. स्लॅग घातलेल्या पीएससीचंही तेच.

याचा अर्थ पीपीसीबरोबर राख चालतच नाही असा नाही. पण ते वेगळं मिक्स आहे, त्याची स्वतंत्र ट्रायल हवी आणि प्रमाण बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास थांबवावं लागतं. ओपीसीबरोबर १० ते १५ टक्के हा मला सुरक्षित टप्पा वाटतो. २० च्या पुढे पाण्याची मागणी इतकी वाढते की मिळालेलं सगळं तिथे जातं.

मापात पाप

घमेल्याने राख मोजणं आजच्या आज बंद करा. सिमेंट एका लिटरला जवळपास १.४४ किलो भरतं, राख त्याच्या निम्मीही भरत नाही, आणि तीच राख दाबून भरली की वेगळी, सैल भरली की वेगळी. ५० किलोच्या एका पूर्ण गोणीबरोबर १० टक्के म्हणजे साधारण ५.५ किलो राख. तेवढी वजन करून पिशव्या भरून ठेवल्या तर मिस्त्रीला काही मोजावंच लागत नाही, गोणीमागे एक पिशवी. फार साधा उपाय आहे आणि मी पाहिलेल्या यार्डांत यानेच क्यूबच्या आकड्यांतला चढउतार सगळ्यांत जास्त कमी झाला.

बॅचिंग प्लँट असेल तर वेगळी काळजी. सिमेंटची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी ३.१५, राखेची २.१ च्या जवळपास. वरच्या ३६० किलोतले १० टक्के, म्हणजे ३६ किलो सिमेंट ११.४ लिटर जागा घेतं, ३६ किलो राख १७.१ लिटर. म्हणजे घनमीटरमध्ये जवळपास ६ लिटर जास्तीची भुकटी शिरली. तेवढी वाळू, साधारण १५ किलो, कमी करायला हवी. अनेक ठिकाणी वजनाला वजन बदलतात, वाळू तशीच ठेवतात आणि मग माल चिकट आणि जड का झाला म्हणून विचारतात.

ओल हा मुंबईचा खास शत्रू. गिरणीत राख उडू नये आणि आत निखारा राहू नये म्हणून तिच्यावर पाणी मारतात. ताडपत्रीखाली आलेला ढीग वरून कोरडा, आतून ओला. त्यात २० टक्के ओल असेल तर ३६ किलो म्हणून घातलेल्या मालात राख २९ किलोही नाही आणि ७ लिटर पाणी मात्र हिशोबाबाहेर गेलं. दर लॉटची ओल काढा, ३ टक्क्यांच्या वर असेल तर वाळवा. खाडीकाठच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने विझवलेली राख असण्याची शंका असेल तर क्लोराइड तपासा. आरसीसीत घनमीटरला सगळं मिळून ०.६ किलोच्या पुढे क्लोराइड जाता कामा नये. राख प्लास्टिकच्या अस्तराच्या गोण्यांत, फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि गोणीवर लॉट नंबर लिहा.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात: राख सिमेंटबरोबर कोरडीच एकजीव होऊ द्या, पाणी नंतर, ॲडमिक्स्चर सगळ्यांत शेवटी. पॅन मिक्सर असेल तर उत्तम. छोट्या ड्रम मिक्सरला वेळ वाढवून द्या, नाहीतर राखेचे गोळे राहतात आणि क्यूब फोडल्यावर आत करडे डाग दिसतात. आणि राख हाताळणाऱ्या प्रत्येक गड्याला एन९५ मास्क द्या, गमछा पुरत नाही. जास्त तापलेल्या राखेतली स्फटिकी सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. यावर तडजोड नको.

क्युअरिंग

राखेची प्रतिक्रिया सावकाश चालते आणि तिला सतत ओल लागते. आयएस ४५६ नुसत्या ओपीसीला किमान ७ दिवस सांगतं, पण मिनरल ॲडमिक्स्चर असेल तर किमान १० आणि शक्यतो १४. साइटवर स्लॅबला आळी करून पाणी भरतात, ते ठीक. मार कॉलमला बसतो. दुसऱ्या दिवशी शटर उघडतात, सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवतात आणि मधल्या वेळात खारा वारा सगळं सुकवून टाकतो. कॉलमला गोणपाट गुंडाळा, ते सुतळीने घट्ट बांधा आणि वरून प्लास्टिक लपेटा. पाऊस आहे म्हणून क्युअरिंग नको हा समजही काढून टाका, सरींमध्ये ऊन पडतंच. लॅबच्या टाकीतले क्यूब पास होतात आणि इमारतीतून कापून काढलेला कोअर कमी भरतो, त्यातला मोठा वाटा याच हलगर्जीचा असतो.

क्यूब नापास झालेच तर

तोडाफोडीची भाषा लगेच करू नका आणि दडवूही नका. त्या लॉटची राखून ठेवलेली दोन किलो राख काढा. प्रत्येक लॉटची अशी राख हवाबंद डब्यात ठेवायलाच हवी, नाहीतर पुढची सगळी चर्चा अंदाजावर चालते. तिचं लॉस ऑन इग्निशन, ४५ मायक्रॉनचा अवशेष आणि लाइम रिॲक्टिव्हिटी करायला टाका, म्हणजे पुढचा लॉट वाचेल. बॅचिंगचे कागद आणि गाडीनिहाय स्लंप काढून, पाणी कुठे वाढलं ते बघा. त्याच गाड्यांचे क्यूब शिल्लक असतील तर ५६ दिवसांना फोडा. राख जिवंत असेल तर २८ नंतर आकडा ठळकपणे चढलेला दिसतो, मेलेली असेल तर फारसा हलत नाही. मात्र ५६ दिवसांच्या आकड्यावर काम आपणहून पास करायचं नसतं, तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा.

त्यांना कळवा आणि शंका असलेल्या भागातून कोअर घ्या, किमान तीन. आयएस ४५६ प्रमाणे कोअरच्या समतुल्य क्यूब स्ट्रेंथची सरासरी त्या ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर काँक्रीट स्वीकारता येतं. एम३० ला म्हणजे सरासरी २५.५ आणि किमान २२.५ मेगापास्कल. त्यात बसलं नाही तर लोड टेस्ट किंवा जॅकेटिंगचा (भोवती नवा थर चढवण्याचा) विचार इंजिनिअर करतील. बसलं, तरी समुद्राकडच्या बाजूच्या कोअरवर क्लोराइडची चाचणी मागून घ्या, कारण ताकद भरली म्हणजे कव्हरही घट्ट झालं असं नसतं. आणि हे सगळं होईपर्यंत उरलेली राख पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि कर्बस्टोनकडे वळवा, आरसीसीचं काम साध्या ओपीसीवर चालू ठेवा.